पायांत उतरलेलं विष

धाकट्या आजोबांच्या पायांत कुत्र्याचं विष उतरलंय, हे वाक्य मी कळायला लागल्यापासून ऐकत होते. काठी टेकत, डावा पाय ओढत ते अंगण ओलांडायचे. लघवीला गेले की फार वेळ लागायचा. त्याविषयी घरात कुणी चकार शब्द काढत नसे. आमचं गाव साताऱ्याच्या पूर्वेला, माणदेशाच्या कडेवर. पाऊस कमी, मेंढरं उदंड. मेंढरांमागे कुत्री, खळ्यावर कुत्री, वेशीत कुत्री, आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांतलं एखादं पिसाळायचंच.

हकीकत आजी सांगायची. देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. धाकटे आजोबा म्हणजे तिचे दीर, ऐन पंचविशीतले, तालमीत घाम गाळणारे. मळ्याच्या वाटेवर कुत्र्यानं त्यांची पोटरी धरली. पणजीनं जखमेत तिखट भरलं, वरून चुना थापला. रात्र तशीच काढली आणि सकाळी बैलगाडी जुंपून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मग चौदा दिवस, रोज एक, बेंबीच्या आजूबाजूला इंजेक्शन. उकळत्या पाण्यातून काढलेली काचेची पिचकारी, जाड सुई, आणि औषध इतकं की टोचल्या जागी लिंबाएवढा फुगवटा यायचा. एका बाजूचा फुगवटा चोळून जिरवेपर्यंत दुसऱ्या बाजूची वेळ व्हायची. आजोबा एकदाही ओरडले नाहीत, हे आजी दर वेळी सांगायची.

चौदा झाली. घरी पेढे वाटले. आणि आठवडा होतो न होतो तोच आजोबांना ताप भरला, पाठीत कळ आली, पायांना मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठताच येईना. लघवी तुंबली. कमरेखालचं अंग आपलं नाहीच, असं ते म्हणत राहिले. पुढे कित्येक महिने तेलाचं मालीश, शेक, धरून धरून चालवणं. एक पाय बराचसा परत आला, दुसरा नाही. कुस्ती कायमची सुटली.

गावानं याचा अर्थ लावला. पोटात सुया टोचून विष खाली ढकललं, त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, म्हणून ते पायांत उतरलं. पणजीनं अर्थ वेगळा लावला. तिच्या मते ती एक रात्र चुकली. गाडी रात्रीच जुंपली असती तर विष इतकं भिनलं नसतं. जाईपर्यंत ती हेच बोलत राहिली, असं आजी सांगायची आणि मग गप्प बसायची.

या गोष्टीला पुढे दुसरी गोष्ट लागली. ती आत्यानं सांगितलेली, कारण ती तिनं स्वतः पाहिली होती. आत्या तेव्हा परकर-पोलक्यात होती. एका सकाळी एकाच कुत्र्यानं आमच्या सालगड्याच्या हाताला आणि शेजारच्या घरातल्या पोरीच्या टाचेला चावा घेतला. दवाखान्याचं नाव काढताच दोन्ही घरांतून एकच उत्तर आलं: पाय घालवून घ्यायचेत का? समोर धाकटे आजोबा काठी टेकत होते. त्यांच्यापेक्षा मोठा पुरावा गावाला नको होता. जखमांवर पाला बांधला गेला आणि सगळे विसरले.

दीडेक महिन्यानं सालगडी आजारी पडला. आत्या गोठ्याच्या दारातून बघत होती. त्याला तहान लागलेली. तांब्या त्यानं स्वतःच्या हातानं उचलला, ओठांपर्यंत नेला, आणि मान, गळा, छाती सगळं एकदम आवळलं. तांब्या फेकला गेला. कुणी पदरानं वारा घातला तरी तसंच. आणि मधल्या वेळात तो शहाण्यासारखा बोलत होता. बैलांना वैरण घातली का, विचारत होता. आत्याला त्याच्या आचक्यांपेक्षा ते विचारणं जास्त लक्षात राहिलंय. चार दिवसांत तो गेला.

पोरीचं तसं काहीच झालं नाही. तिच्या टाचेत मुंग्या आल्या, पाय लुळे पडले, मग हात, मग आवाज. पाणी ती पीत होती. वाऱ्याला भ्यायली नाही, आरडाओरडा नाही. तिला देवऋष्याकडे नेलं, बाहेरचं काही आहे म्हणून उतारे टाकले. सालगड्याहून ती बरेच दिवस जास्त जगली आणि मग श्वास थांबला. गावाच्या हिशेबात सालगडी कुत्र्यानं मेला आणि पोर कशानं तरी वेगळ्याच मेली. एकट्या आजीचं म्हणणं ठाम होतं: "दोघंबी त्याच कुत्र्यानं गेली. कुत्रीसुद्धा सगळी भुंकून नाही पिसाळत. एखादं कोपरा धरून बसतं, जबडा लोंबतो, तेही पिसाळलेलंच." तिचं कुणी ऐकलं नाही.

मी पुढे शहरात एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला लागले. परदेशी नियतकालिकांचे अंक वर्षाअखेरीला बांधायला जायचे. त्याआधी ते चाळायची मला सवय होती. १९८७ च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एका अंकात रेबीजच्या लसीनंतर होणाऱ्या मेंदूच्या आणि मज्जातंतूंच्या आजाराबद्दलचा लेख होता. पहिलं नाव थिरावत हेमाचुधा, बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठातले मज्जाविकारतज्ज्ञ. त्यांच्या जोडीला अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधले रिचर्ड जॉन्सन आणि डायान ग्रिफिन. लेखातली रासायनिक नावं मला कळली नाहीत. लक्षणांचं वर्णन मात्र कळलं: लस टोचायला लागल्यावर थोड्याच दिवसांत ताप, पाय लुळे, लघवी तुंबणं. मी तो अंक घेऊन आमच्या मज्जाविकार विभागाच्या प्राध्यापकांकडे गेले आणि धाकट्या आजोबांची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे कुत्र्याचं काम नव्हे. हे लसीचं."

त्या दिवसापासून मी हेमाचुधा हे नाव शोधत राहिले. अंक यायचे, मी अनुक्रमणिका बघायची. एका माणसाची अख्खी कारकीर्द मी अशी, एकेक लेख जोडत, दुरून पाहिली.

आधी त्या लसीचं सांगायला हवं. पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस द्यायला सुरुवात केली, ती रेबीज झालेल्या सशांचा मज्जारज्जू वाळवून केलेली होती. त्या वेळी विषाणू वाढवायला जिवंत प्राण्याच्या मेंदूवाचून दुसरी जागा नव्हती. हिंदुस्थानात पहिली पाश्चर संस्था १९०० साली कसौलीला निघाली. आमच्या आजीच्या माहेरी एका इनामदाराच्या मुलाला कसौलीला नेल्याची कथा होती. गरिबाला रेल्वेचा पास मिळायचा, असं ती सांगे, आणि कसौली म्हणजे काशीच्याही पलीकडे, एवढंच तिला ठाऊक. दक्षिणेत कुन्नूरची संस्था १९०७ सालची. कसौलीला डेव्हिड सेंपल या ब्रिटिश लष्करी डॉक्टरनं १९११ साली नवी रीत काढली. विषाणू टोचलेल्या प्राण्याचा मेंदू काढायचा, वाटायचा, फिनॉल घालून विषाणू मारायचा, आणि तो रस टोचायचा. ही सेंपल लस. करायला सोपी, स्वस्त, कुठल्याही प्रांतात बनवता येणारी. बहुतेक ठिकाणी मेंदू मेंढीचा असे. आमच्या माणदेशात, जिथे मेंढराच्या जिवावर घरं चालायची, तिथे मेंढीच्याच मेंदूचं पाणी आजोबांच्या पोटात गेलं होतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

या औषधानं काही जणांचे पाय जातात, हे पाश्चर यांच्या काळापासून डॉक्टरांना दिसत होतं. का जातात, यावर मात्र बराच काळ वाद होता. लसीत विषाणू जिवंत राहिला म्हणून, की कुत्र्याचा मूळ विषाणूच वेगळ्या रूपात उठला म्हणून? आमच्या गावाचं मत यांतल्या दुसऱ्या बाजूचं होतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स यांनी १९३० च्या दशकात माकडांना सशाचा निरोगी मेंदू पुन्हा पुन्हा टोचला, विषाणूचा त्यात अंशही नव्हता. तरी काही माकडं लुळी पडली. म्हणजे दोष मेंदूतल्या कुठल्यातरी पदार्थात होता. शरीर त्याला परकं मानून त्यावर चाल करतं आणि त्या भरात स्वतःच्या मेंदूवर, मज्जारज्जूवरही चाल करतं. पण माकडात दिसलं ते माणसात खरं आहे का, आणि तो पदार्थ नेमका कोणता, हे दाखवायला पन्नास वर्षं जावी लागली.

ते दाखवलं हेमाचुधांच्या त्या लेखानं. थायलंडमध्येही तेव्हा सेंपल लस चालू होती, आणि ती घेऊन लुळे पडलेले रुग्ण त्यांच्याच वॉर्डात येत होते. त्यांनी या रुग्णांचं रक्त आणि पाठीच्या कण्यातलं पाणी जपून ठेवलं. तशीच लस घेऊन ठणठणीत राहिलेल्यांचे नमुनेही घेतले. मज्जातंतूंवर एक स्निग्ध वेष्टण असतं, मायेलिन. त्याच्यामुळे संदेश वेगानं जातो. त्या वेष्टणात मायेलिन बेसिक प्रोटीन नावाचं प्रथिन असतं. लुळ्या पडलेल्यांच्या शरीरात नेमकी याच प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं मोठ्या प्रमाणात सापडली. मेंढीचं मायेलिन आणि माणसाचं मायेलिन इतकं सारखं की एकाविरुद्ध पेटलेलं शरीर दुसऱ्यावर धावून गेलं.

पणजीला हे ऐकवायला हवं होतं. तिच्या एका रात्रीचा त्यात काही वाटा नव्हता. तो कुत्रा पिसाळलेला होता की नव्हता, हेही आता कुणी सांगू शकणार नाही. नुसता चिडलेला असता आणि आजोबांनी हीच चौदा इंजेक्शनं घेतली असती, तरी पाय गेलेच असते. आणि तो खरोखर पिसाळलेला असेल, तर याच लसीनं त्यांचा जीव वाचवला असेल. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी मनात धरणं मला अजून जड जातं.

राग मात्र मला एका गोष्टीचा येतो, आणि तो कमी होत नाही. पेशींमध्ये वाढवलेली, मेंदूचा अंश नसलेली लस अमेरिकेतल्या विस्टार संस्थेत १९६० च्या दशकात तयार झाली. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या इराणमधल्या कामात, पिसाळलेल्या कुत्र्या-लांडग्यांनी चावलेल्या पंचेचाळीस जणांना ती लस दिली आणि सगळे जगले. तरीही आपल्याकडे मेंढीच्या मेंदूची लस २००४ अखेरपर्यंत बनत होती. कारण एकच, नवी लस महाग. ज्यांना परवडलं त्यांनी दंडावर घेतली, ज्यांना नाही त्यांनी पोटावर. सेंपलच्या दिवसांपासून नव्वदहून जास्त वर्षं हे चाललं, आणि त्या वर्षांत आमच्या धाकट्या आजोबांसारखे किती जण अंगणं ओलांडत राहिले असतील, त्याची नीट मोजदाद कुणी ठेवली नाही.

हेमाचुधांचं पुढचं काम मला जास्त जवळचं वाटतं, कारण ते रुग्णाच्या खाटेशी बसून केलेलं आहे. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळपास हमखास जातो. असा आजार निवडणारा डॉक्टर आयुष्यभर कुणाला बरं केल्याचं सुख मिळवत नाही. मग तो खाटेशी काय करतो? हेमाचुधा बघत राहिले, आणि जे दिसलं ते लिहीत राहिले.

आत्यानं पाहिलेल्या त्या दोन मरणांचं कोडं वैद्यकालाही होतंच. रेबीजचे सुमारे दोन तृतीयांश रुग्ण सालगड्यासारखे असतात, पाण्याला आणि वाऱ्याला भिणारे. उरलेले त्या पोरीसारखे, मुकाट लुळे पडत जाणारे. दुसऱ्या प्रकारचं निदान चुकतंच. त्रिनिदाद बेटावर १९२९ च्या सुमारास माणसं अशीच पायांपासून वर लुळी पडत मरत होती, आणि डॉक्टरांना आधी तो पोलिओ वाटला. जोसेफ लेनॉक्स पवान या तिथल्याच जीवाणुशास्त्रज्ञानं ते रेबीज आहे आणि रक्त पिणारी वटवाघळं ते पसरवतात, हे शोधून काढलं. आपल्याकडे चंडीगडच्या डॉक्टरांनी १९८० साली लुळ्या रेबीजच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा आमच्या गावानं पोरीला देवऋष्याकडे नेलं, यात गावाला एकट्याला दोष देण्यासारखं काही नाही. मोठमोठ्या इस्पितळांतही अशा रुग्णावर गियाँ-बारे या दुसऱ्याच आजाराचा शिक्का बसतो, कारण त्यातही पायांपासून लुळेपणा चढत जातो.

दोन्हींत फरक करायचा कसा? १९८७ सालीच हेमाचुधा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये एक छोटीशी टिपणी लिहिली. त्यात सांगितलेली खूण तपासायला यंत्र लागत नाही, गुडघ्यावर मारायची रबरी हातोडी पुरते. लुळ्या रेबीजच्या रुग्णाच्या छातीच्या, दंडाच्या किंवा मांडीच्या स्नायूवर ती हातोडी टकदिशी मारली की मारल्या जागी स्नायूचा छोटा उंचवटा उठतो आणि काही सेकंदांत विरून जातो. आमच्या प्राध्यापकांनी ते मला आपल्या दंडावर हातोडी मारून, बोटानं जागा दाखवून समजावलं होतं. "निरोगी माणसातही हे कधी कधी उठतं," ते म्हणाले, "म्हणून नुसत्या हातोडीवर थांबायचं नाही, कुत्रं चावलं होतं का हे घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारायचं." गावोगावच्या दवाखान्यात, जिथे दुसरी कसलीही तपासणी नाही, तिथल्या डॉक्टरला असं काहीतरी हाती देणं हे मला फार मोठं काम वाटतं.

मग त्यांनी मूळ प्रश्न हातात घेतला: एकाच कुत्र्याच्या चाव्यानं एक जण किंचाळत आणि दुसरा मुकाट का जातो? विषाणूचे दोन प्रकार असतील, ही सोपी शक्यता. २००३ साली त्यांच्या गटानं दोन्ही तऱ्हांच्या रुग्णांमधल्या विषाणूची जनुकीय रचना ताडून पाहिली. त्यात आजाराचं रूप ठरवणारा फरक सापडला नाही. विषाणू तोच, माणूस वेगळा. मग मरणासन्न रुग्णांचे एमआरआय काढले. मेंदूतल्या ज्या जागा सुजलेल्या दिसल्या, त्या दोन्ही तऱ्हांमध्ये बऱ्याचशा सारख्याच. पुढे असं दिसलं की लुळ्या रुग्णांत मेंदूबाहेरच्या मज्जातंतूंचं मायेलिनच खराब झालेलं असतं, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा या दोघांमध्ये निराळ्या तऱ्हेनं वागते. म्हणजे एका माणसाच्या पंचवीस वर्षांच्या कामात मायेलिन पुन्हा पुन्हा समोर आलं, एकदा लसीनं लुळ्या पडलेल्यांमध्ये आणि एकदा आजारानं लुळ्या पडलेल्यांमध्ये.

हे वाचताना मला आजी आठवायची. शाळा तिनं पाहिली नव्हती. पण ती कुत्र्यांकडे बघत आली होती, मरणाऱ्यांकडे बघत आली होती, आणि तिनं जे पाहिलं त्यावर ती ठाम राहिली. तिच्याजवळ निरीक्षण होतं, कारण नव्हतं. गावाजवळ कारण होतं, निरीक्षण नव्हतं. बँकॉकच्या त्या वॉर्डात दोन्ही एकत्र आली.

वाचवण्याचा प्रयत्नही त्यांनी केला. २००४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात जीना गीस ही पंधरा वर्षांची मुलगी, लस न घेताही, रेबीजमधून वाचली. डॉक्टर रॉडनी विलोबी यांनी तिला औषधांनी गाढ बेशुद्धीत ठेवलं होतं. जगभर आशा उठली. तीच पद्धत, केटामाइन वगैरे औषधांसह, बँकॉकमध्ये एका रुग्णावर वापरली गेली. रुग्ण वाचला नाही, आणि हेमाचुधांनी ते अपयश २००६ साली जसंच्या तसं छापलं. पुढे कॅनडातले मज्जाविकारतज्ज्ञ अॅलन जॅक्सन यांनी ही पद्धत आता सोडून द्यावी, असं स्पष्टपणे लिहिलं. यश छापायला सगळे तयार असतात. मरणाऱ्या माणसाच्या घरच्यांना खोटी आशा देऊ नये म्हणून अपयश मांडणारे फार थोडे, आणि या दोघांबद्दल मला म्हणूनच आदर आहे.

थायलंडमधल्या या सगळ्या कामाच्या मुळाशीही घरातलं एक मरण आहे. तिथले राजपुत्र दामरोंग यांच्या मुलीला कुत्रं चावलं आणि ती रेबीजनं गेली. त्या दुःखातून १९१० च्या दशकात बँकॉकला पाश्चर संस्था निघाली. पुढे ती थाई रेड क्रॉसकडे आली आणि राणी साओवाभा यांच्या नावानं ओळखली जाऊ लागली. चुलालाँगकॉर्न इस्पितळाच्या शेजारीच ती आहे. सापांचं विष काढणारं तिचं केंद्र बघायला प्रवासीही जातात. कुन्नूरच्या संस्थेचीही कथा अशीच, एका इंग्रज तरुणीच्या रेबीजनं झालेल्या मृत्यूनंतरची. घरात मरण आल्यावर राजपुत्राला संस्था काढता आली. आमच्या शेजारच्या घरानं अंगाऱ्याची पुडी आणली.

याच बँकॉकमध्ये १९८० च्या दशकात प्रफान फानुपाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पैशाचा प्रश्न सोडवला. पेशींमधली नवी लस स्नायूत पूर्ण कुपी न देता कातडीतच, अगदी वरच्या थरात, जरा जरा द्यायची: एका वेळी दोन्ही दंडांवर ०.१ मिलिलिटर. कातडीत प्रतिकारपेशी दाट असतात, त्यामुळे थोडी लसही पुरते. एका कुपीत कित्येक जण बसतात. जागतिक आरोग्य संघटनेनं या पद्धतीला मान्यता दिली, आणि थायलंडमध्ये १९८० साली तीनशेहून जास्त असलेले रेबीजचे वार्षिक मृत्यू पुढच्या काही दशकांत एक-दोन आकड्यांवर आले. भारतात या पद्धतीला परवानगी मिळाली २००६ साली. आपल्याकडे वर्षाला १८,००० ते २०,००० माणसं रेबीजनं जातात, असा जुना अंदाज आहे. अलीकडच्या देशव्यापी पाहणीतला अंदाज सुमारे ५,७०० चा आहे. आकडा घटलाय हे खरं, पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक मरण टाळता येण्यासारखं होतं.

हेमाचुधांच्या प्रयोगशाळेचं नाव सगळ्या जगानं एकदा ऐकलं, ते रेबीजमुळे नव्हे. वटवाघळांतल्या निपाह विषाणूचा शोध घेता घेता त्यांच्या सहकारी सुपापोर्न वाचारापलुसादी यांनी विषाणूंची अख्खी कुळं एकदम तपासायची रीत बसवली होती. जानेवारी २०२० मध्ये वुहानहून बँकॉकला उतरलेल्या एका स्त्रीच्या नमुन्यात त्याच रीतीनं नवा करोनाविषाणू ओळखला गेला. चीनबाहेरचा तो पहिला रुग्ण. अशी तयारी वर्षानुवर्षं, कुणाचं लक्ष नसताना, चालू असावी लागते.

दोन वर्षांपूर्वी गावी गेले तेव्हा आत्याला हे सगळं सांगितलं. ती आता नव्वदीला टेकलीय, ऐकायला कमी येतं, पण डोकं लख्ख आहे. मायेलिन वगैरे मी गाळलं. लसीत मेंढीचा मेंदू असायचा, त्यानं आजोबांचे पाय गेले, असं सांगितलं. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग पोरीचं सांगितलं, की तीही त्याच कुत्र्यानं गेली आणि बँकॉकच्या डॉक्टरांनी अशी माणसं पाहिलीत. "मग आई बरोबर बोलत होती," ती म्हणाली. आणि मग लगेच, "आता कशाचं करतात औषध?"

मी सांगितलं: जखम आधी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची, तिखट नाही, चुना नाही. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेतच सीरम भरतात. आणि लस दंडावर, त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पोटावर काही नाही. आत्यानं दिवस बोटांवर मोजले, एकदा चुकली, पुन्हा मोजले. दुपारी गल्लीतल्या एका नातवाच्या आईला तिनं हाक मारून ओट्यावर बसवलं. त्या पोराला आठवड्यापूर्वी कुत्र्यानं ओरबाडलं होतं, पहिली सुई झाली होती आणि तिसऱ्या दिवशीची चुकवली होती, कारण शाळेत परीक्षा होती. आत्या तिला म्हणाली, "परीक्षा पुढल्या वर्षी बी येती. उठ, आरोग्य केंद्र चारला बंद होतं."